व्याह्यांची थकहमी

अंबाजोगाई
३ सप्टेंबर

उत्तरेश्वरअप्पा,

शरणार्थ. हा नमस्कार तुम्ही घ्याल की परत पाठवाल ठाऊक नाही, पण मी केला.

घरात तीन-तीन मोबाइल असताना हा माणूस कागदावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायची सोय राहिली आहे का? आपण दोघं एकाच कारखान्याचे संचालक, मी सत्ताधारी पॅनेलचा आणि तुम्ही विरोधी. मी तुम्हाला 'हॅलो' म्हटलं तर आमची पोरं कान टवकारणार, तुम्ही 'बोला' म्हटलं तर तुमची. संध्याकाळपर्यंत तालुकाभर क्लिप फिरणार, खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकणार. म्हणून कागद. हनुमान कंडक्टर धारूरमार्गे माजलगावची गाडी घेऊन जातो, त्याच्या हाती देतोय. त्याला दोन्ही पॅनेलांशी देणंघेणं नाही. कारखाना दोन हंगाम बंद असला तरी त्याची गाडी चालू आहे.

आता मुद्द्यावर येतो. त्या चहाबद्दल तुम्ही सभेत माइकवर जे बोललात ते मी विसरलेलो नाही.

आम्ही तुमच्या घरी का आलो होतो? सरकार कारखान्याला थकहमी द्यायला तयार झालंय. म्हणजे बँक कर्ज देईल आणि ते बुडालं तर सरकार उभं राहील. बदल्यात मंत्र्यांच्या उपसमितीनं अट घातली, की दोन्ही पॅनेलच्या एकूण एक संचालकानं वैयक्तिक हमीपत्रावर सही करावी आणि मुंबईला सगळ्यांनी मिळून एकच शिष्टमंडळ आणावं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, राहिली तुमची. म्हणून रामकिसन आबा, आमचे चेअरमन, म्हणाले, "गुरुलिंगअप्पा, तुमचे व्याही हायत, तुमी चला." आलो. विहीणबाई त्या दिवशी बाहेरगावी होत्या. चहा तुमच्या पुतण्यानं आणला. मी कप हातानं मागं सारला आणि म्हणालो, "बापू, लेकीला लेकरू हुईस्तोवर तिच्या घरचा घोट घेत न्हाईत आमच्यात." विहीणबाई असत्या तर त्यांनी नेहमीसारखी सुपारी पुढं केली असती आणि विषय संपला असता.

आबांच्या पोरानं, पप्पूनं, कप मागं सारेपर्यंतच व्हिडिओ काढला. माझं बोलणं त्यात नाही. वर लिहिलं, 'गुरुलिंगअप्पांनी विरोधकांचा चहा नाकारला!' आमच्या ऑफिसात मला हार घातला. हार घालताना मी सगळ्यांना सांगितलं की बाबांनो, तसं काही नाही. आता ढोलकीवाला बोलावलेला होता, माझा आवाज कुणाला गेला नसेल, तर त्याला मी काय करू?

पण अप्पा, तुम्हाला तर ठाऊक होतं! लग्नाला तीन वर्षं झाली, तुमच्या घरी मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. तरी तुम्ही सर्वसाधारण सभेत उठलात आणि सगळ्या सभासदांपुढं म्हणालात, "ज्याला आमच्या घरचा चहा चालंना, त्याच्या घरी आमची सून बाळंतपणाला जायची न्हाई. आन आसल्या लोकांबरोबर मी कोन्त्याच कागदावर सही करनार न्हाई." टाळ्या पडल्या. तुमचे नेते आसाराम नाना तर उभं राहून टाळ्या वाजवत होते.

सही करू नका. फाइल तुमच्या नानांनीच मंत्रालयात अडकवली आहे, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण कावेरीचा सातवा सरलाय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मी तुम्हाला शिकवायचं का? इथं पाळण्याला रंग देऊन झालाय. गंगासागरनं डिंकाचे लाडू करायला सामान आणून ठेवलंय आणि ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. लेकीला पाठवा.

तुमचा
गुरुलिंग


अंबाजोगाई
१० सप्टेंबर

उत्तरेश्वरअप्पा,

हनुमाननं तुमचं उत्तर आणून दिलं. पाकीट जाड होतं म्हणून आनंद झाला, उघडलं तर आत विहीणबाईंनी दिलेली सुपारी आणि तुमच्या दोन ओळी. 'संचालकाच्या पत्राला संचालक उत्तर देईल, व्याह्याच्या पत्राला व्याही. आधी कोण लिहितोय ते ठरवा.'

वा! माझ्याच लेकीबद्दल लिहिताना मी ओळखपत्र जोडायचं का?

पण ठीक. संचालक म्हणून आधी ऐका, म्हणजे पोटातलं निघून जाईल. परवा आबा मुंबईला जाऊन आले, हात हलवत. सचिव म्हणाले, 'गेल्या आठवड्यात तुमच्याच कारखान्याचे दुसरे लोक येऊन गेले. त्यांनी वेगळा आकडा मागितला. आधी तुमचं आपसांत ठरू द्या.' ते दुसरे लोक म्हणजे तुमचे नाना. आबांनी बीडला येऊन पत्रकार परिषद घेतली, की विरोधकांनी कारखान्याच्या ताटात माती कालवली. संध्याकाळी नानांनी घेतली, की आबांना कारखाना चालूच करायचा नाही, विकून खायचा आहे. दुसऱ्या दिवशी आमच्यांनी कारखान्याच्या गेटवर तुमच्या नानांचा पुतळा जाळला. त्या गेटवर दोन वर्षं पगार न मिळालेले कामगार बसलेले असतात, त्यांनी शेकोटी समजून हात शेकले. हे मला पप्पूनं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आणि उसाचं काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमचाही उभा आहे, माझाही. बाहेरचे कारखाने तोड देताना आपल्याला शेवटच्या रांगेत बसवतात. आपला चालू झाला तरच मान वर करून ऊस घालता येईल. इतकं कळत असून आपण पत्रकार परिषदा घेतोय.

झालं. आता व्याही.

कावेरीचा आईला फोन आला होता. रक्तदाब वर गेलाय, पायांना सूज आहे. तेलगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपण मोठा दवाखाना जवळ असेल तिथं करा. मेडिकल कॉलेज माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे हो, अप्पा. मी पंप आणि पाइप विकत बसलेलो असतो आणि समोरून रोज बाळंतिणी रिक्षातून जाताना बघतो. तुमच्या गावातून रस्ता केवढा, घाट कसला, काय वेळ येईल, सगळं डोक्यात येतं. मी घाबरलोय. हे मी पॅनेलमध्ये बोलू शकत नाही, घरात बोललो तर गंगासागर म्हणेल, 'हार घालून घेताना कळलं न्हाई का?' म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी फोन हातात घेतला तर कावेरी म्हणाली, "अप्पा, मला न्यायला यायचं तर बाप म्हनून या. संचालक म्हनून येनार आसाल तर येऊ नका. इथं एक संचालक हाय घरात, तेवढा बास हाय." आणि फोन ठेवला. माझी लेक कधी माझ्याशी असं बोलली नव्हती.

रुद्रेशला पुण्याला फोन केला. जावईबापू म्हणाले, 'मामा, बाबा सभेत बोलून बसलेत, आता त्यांना कोण समजावणार?' बोलून बसलेत हे खरं. माइकवर बोललेलं मागं घेणं किती जड जातं, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? मी स्वतः किती सभांमध्ये काय काय बोललोय.

व्याही म्हणून विचारतो. सुटायची काही वाट आहे का?

गुरुलिंग


अंबाजोगाई
१५ सप्टेंबर

अप्पा,

उत्तर आलं नाही. हनुमान म्हणाला, 'पत्र हातात घेतलं, वाचलं, खिशात ठेवलं.' मग मी माझंच ठरवलं.

येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतोय. मुराळी म्हणून, लेकीला माहेरी न्यायला. कावेरीला सख्खा भाऊ नाही, दरवेळी माझा पुतण्या तिला न्यायला यायचा. तोही आता पॅनेलचा गमछा घालून फिरतो, त्याला पाठवत नाही. मीच मुराळी. आबांना कळवलेलं नाही. पॅनेलची गाडी नाही, पप्पू नाही, गमछा नाही. पिशवीत विहीणबाईंना लुगडं आणि गंगासागरनं बांधून दिलेल्या करंज्या.

दारात आलेला मुराळी परत पाठवायचा की नाही, हे तुमच्या घरानं ठरवावं. मी काही मागणार नाही, काही बोलणार नाही, ओट्यावर बसून राहीन.

गुरुलिंग


अंबाजोगाई
२० सप्टेंबर

उत्तरेश्वरअप्पा,

साष्टांग शरणार्थ!

कावेरी आत झोपली आहे. काल संध्याकाळी दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, रोज तपासा, घाबरायचं कारण नाही. 'घाबरायचं कारण नाही' हे शब्द मी त्यांना दोनदा म्हणायला लावले. घरी येऊन गंगासागर माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलली. मी देवापुढं दिवा लावून बसलो.

तुम्ही नेमके शुक्रवारीच नारायणगडाला दर्शनाला गेलात, त्यामुळं तुमच्या घरात काय झालं ते तुम्हाला कळलं नसेल. विहीणबाई सगळं सांगतील असं नाही, म्हणून मी लिहितो. तुम्ही मुद्दाम गेलात का अचानक आठवण झाली, हे मी विचारणार नाही. घरात नव्हतात, म्हणजे सुनेला पाठवलं ते तुम्ही पाठवलं नाही. माइकवरचा शब्द जागेवर राहिला. गडावरच्या देवानं लई कामं केली असतील, पण एका संचालकाची अशी सोय पहिल्यांदाच केली असेल.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्ये गडावर गेलेत. रातच्याला एकदम मनात आलं त्यांच्या."

मी म्हणालो, "मग मी थांबतो वाटंवर, त्ये आल्यावर येतो."

"आन मुराळी दारातून माघारी गेला म्हनून गावानं आमाला नावं ठिवायची का? आत या, पाय धुवा."

पाय धुतले. तर पुढं पाट मांडलेला, ताट वाढलेलं. पुरणाची पोळी, वरून तुपाची धार. मी हात जोडले. म्हणालो, "इहीनबाई, तुमाला तर ठावं हाय. बापानं लेकीच्या घरी..."

"बापाचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "बाप आला आसता तर सुपारी दिली आसती. चिठ्ठीत मुराळी येतो म्हनून लिवलंत ना? मुराळी आमच्या घरून उपाशी गेलेला न्हाई आजवर. पोटुशी सून उंबरा वलांडनार आन तिचा मुराळी उपाशी? तुमी आज कोन हाव ते सांगा, तसं ताट ठिवते न्हाई तर उचलते."

मी उभाच. माझ्या बापानं, आजोबांनी पाळलेली रीत. तेवढ्यात आतून कावेरी म्हणाली, "अप्पा, जेवा की. पोटातलं ऐकायलंय."

मी जेवलो. खोटं कशाला सांगू, पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा उघडे ठेवून. नंतर मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि आमटी मागून घेतली. तीन वर्षं तुमच्या घरी येऊन त्या आमटीचा नुसता वास घेत होतो, अप्पा. रीतीला हातपाय नसतात, पण माणसाला किती लांब ठेवते बघा.

जेवताना विहीणबाई जवळ बसल्या आणि हळू आवाजात जे म्हणाल्या, ते लिहू की नको असं वाटत होतं. लिहितो. त्यांच्यावर रागावू नका.

"तुमाला म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "ह्ये राजकारनापायी अडून बसलेले न्हाईत. त्या हमीपत्रावर सही केली आन कारखाना पुन्यांदा बुडाला, तर जुनं-नवं समदं कर्ज घरादारावर येतंय म्हनं. लेकरू यायच्या वक्ताला घर कसं लिवून देऊ, आसं म्हनत्यात. पर त्ये नानाला कसं सांगावं? भ्याला म्हनतील. मग तुमचा चहा सापडला."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. अप्पा, तुम्ही भ्यालात ते बरोबरच भ्यालात. मी त्या हमीपत्रावर सही केली आहे. आबांनी पेन पुढं केला, सगळे बघत होते, केली. घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही भीती झाकायला माझा चहा वापरलात, मी माझी झाकायला हार गळ्यात घालून फिरलो. तरी तुमचं निदान डोकं ठिकाणावर होतं.

बसमध्ये कावेरी खिडकीशी बसली. धारूरचा घाट लागल्यावर माझा हात धरला तो गाव येईपर्यंत सोडला नाही. लहानपणी जत्रेत धरायची तसा. मी खूश आहे, इतका की तुमच्या नानांनासुद्धा शिव्या द्याव्याशा वाटत नाहीत.

तुमचा आभारी
गुरुलिंग


अंबाजोगाई
२९ सप्टेंबर

उत्तरेश्वरअप्पा,

कावेरी ठीक. सूज उतरली. लाडू खाते आणि मला हुकूम सोडते, म्हणजे तब्येत चांगली आहे.

आता कामाचं. तुमची मागची चिठ्ठी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की संचालकांनी हमी द्यावी, पण आता मिळणाऱ्या नव्या कर्जाच्या वापराची. आधीच्या लोकांनी करून ठेवलेल्या जुन्या कर्जाची नाही. हे तुम्ही गेल्या वर्षी सभेतही बोलला होतात आणि आमच्या बाजूनं 'खाली बसा, खाली बसा' झालं होतं. त्यात माझाही आवाज होता, आणि माझा आवाज बारीक नाही.

काल आमच्या पॅनेलच्या बैठकीत मी तुमचंच म्हणणं मांडलं. आबा म्हणाले, "गुरुलिंगअप्पा, ही तर विरोधकाची भाषा झाली. कावून बोलायला लागलाव आसं?" मी म्हणालो, "आबा, सही तुमीबी केलीय. तुमच्या घरच्यांना सांगितलंय का?" आबांसकट एकेक जण छताकडं बघायला लागला. अप्पा, एकानंही घरी सांगितलेलं नाही! सगळे पुढारी एकमेकांना दाखवायला वाघ झालेले आणि घरी जाऊन मुकाट्यानं भाकरी खात होते.

मग मी म्हणालो, शिष्टमंडळ एकच न्यायचं तर त्यात नानांचे लोक हवेत, आणि ही अट मांडायला उत्तरेश्वरअप्पांसारखा माणूस नाही. आबा म्हणाले, जागा भरल्यात, आपले सहा, त्यांचे पाच, त्यांच्या सहाव्याला जागा कुठून आणू? मी म्हणालो, माझी जागा त्यांना द्या. मी जात नाही.

आरडाओरडा झाला. 'विरोधकाचं पारडं जड होईल', 'श्रेय त्यांना जाईल', 'हा व्याह्याला विकला गेला'. पप्पूनं संध्याकाळी मला पॅनेलच्या ग्रुपमधून काढून टाकलं. काढताना 'गद्दार' असं लिहिलं. सकाळी उठलो तर फोनवर एकही मेसेज नाही. सकाळी आठ वाजेपर्यंत कुणीही मला काही फॉरवर्ड केलं नाही. इतकं हलकं मला कारखान्यात निवडून आल्यापासून वाटलं नव्हतं.

आबा मात्र दुपारी दुकानात एकटेच आले. पाइपांच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "गुरुलिंगअप्पा, माज्या घरचीला कळलं तर ती मला घरात घेनार न्हाई. तुमच्या व्याह्याला म्हनावं, लवकर चला." जागा तुमची झाली.

बारा तारखेच्या सोमवारी मुंबई. जाल ना? लेकीसाठी मी मुराळी झालो, आता कारखान्यासाठी तुम्ही व्हा. हे मी सगळ्यांच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं विचारतोय. मी इथं कावेरीपाशी थांबतो. तिची तारीख जवळ आली आहे आणि मला मुंबईत सचिवांच्या दारात बसून जीव टांगणीला लावायचा नाही.

गुरुलिंग


अंबाजोगाई
१५ ऑक्टोबर

उत्तरेश्वरअप्पा,

आजोबा झालात! रुद्रेशनं तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल, पण सांगायचा मान माझा आहे, म्हणून पुन्हा सांगतो. मुलगी. कावेरी सुखरूप. रक्तदाब आदल्या दिवशी चढला होता, मला बाहेर बसवलं होतं, मी काय काय कबूल केलं देवाला ते आता आठवत नाही, आठवलं की पाळीन. मग नर्सबाईंनी बाहेर येऊन नुसती हसून मान हलवली आणि मी तिथंच, दवाखान्याच्या फरशीवर, बसकण मारली. विहीणबाई म्हणाल्या, "उठा, लोक बघायलेत." मी म्हणालो, "बघू द्या." त्या परवापासूनच इथं येऊन राहिल्यात, हे एक फार बरं झालं. गंगासागर आणि त्या मिळून मला दोन दिवस कामाला लावतायत.

तुमचा फोन त्या वेळी बंद होता. सचिवांच्या केबिनमध्ये होतात, हे नंतर आबांकडून कळलं. इकडं नात येत होती आणि तिकडं तुम्ही तिच्या घराची अट सोडवत होतात.

आबांनी मला सगळं सांगितलं. सचिव म्हणाले होते, अट बदलता येत नाही. नाना उठले, आबा उठले, दोघं एकमेकांकडं बोट दाखवायला लागले. तुम्ही बसूनच राहिलात आणि म्हणालात, "साहेब, ह्या दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या तर तुमचं बरं हुतं, अट तशीच ऱ्हाते. आमी आज भांडनार न्हाई. जुन्या कर्जाचं हमीपत्र मागितलंत तर आमी सगळेच, दोन्ही पॅनेलचे, सह्या माघारी घेतो. नव्या कर्जाचं मागा, इथंच सही करतो." आणि पेन काढून टेबलावर ठेवलात. आबा सांगताना भारावून गेले होते. म्हणाले, "त्या बाबानं आमा दोघांना गप्प केलं आन सरकारलाबी." अट बदलून मिळाली. थकहमी मंजूर. तुम्ही सगळ्यांच्या आधी सही केलीत.

बँकेच्या कागदांसाठी तुम्ही मुंबईत मागं राहिलात, म्हणून आता परत याल तेव्हा काय बघाल ते आधीच सांगून ठेवतो. तुमचे नाना म्हणतात, आम्ही आणलं. आमचे आबा म्हणतात, आम्ही आणलं. काल बीडमध्ये दोघांच्या दोन पत्रकार परिषदा झाल्या, शेजारशेजारच्या हॉटेलांत, एकाच वेळी. पण गेटवरचे कामगार बॉयलर घासायला लागलेत. ते मी स्वतः जाऊन बघून आलो. राख आणि गंज उडत होता, एकमेकांवर ओरडत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिथं कुणी बसलेलं नव्हतं. तिथं उभं राहून मला रडू आलं. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

बॉयलर पेटवायच्या पूजेला जोडपं बसवायचं असतं. आबांनी मला विचारलं. गंगासागर म्हणाली, "मला बाळंतिनीला शेक द्यायचाय, मला बॉयलरला येळ न्हाई. इहीनबाईंना आन त्यांना बसवा. सही त्यांनी अडवली, त्यांनीच सोडवली, तर आग बी त्यांनीच लावावी." आबांनी हो म्हटलं. नानांनीही हो म्हटलं, कारण त्यांना ते त्यांचं श्रेय वाटतं. वाटू द्या.

आणि एक. आज दुपारी मी गंगासागरला हमीपत्राचं सांगितलं. जुनं हमीपत्र, जे आता रद्द झालं, ते. मी तिची नजर चुकवत बोलत होतो. ती बाळाला थोपटत होती. म्हणाली, "मला सही केल्याच्या दिवशीच कळलं हुतं. आबांच्या घरचीनं फोन केलता. तिलाबी कळलं हुतं." म्हणजे अप्पा, सगळ्या बायकांना ठाऊक होतं. त्या वाट बघत होत्या की आपल्याला कधी शहाणपण येतंय.

"मग तू का न्हाई बोललीस?" मी विचारलं.

"बोलले आसते तर तुमी आजून एक सही करून आला आसता," ती म्हणाली. "आता जावा, जरा पडा."

मी भरदुपारी आडवा झालो आणि झोपलो. नातीच्या रडण्यानं संध्याकाळी जाग आली. आधी कळेना कुठं आहे. मग कळलं, आणि मी तसाच पडून ते रडणं ऐकत राहिलो. कारखान्यात निवडून आल्यापासून असं झोपल्याचं मला आठवत नाही.

हे पत्र हनुमानकडं देत नाही, पुण्याहून आलेला रुद्रेश तुम्हाला घ्यायला परळीला जातोय, त्याच्या खिशात घालतो. मुंबईहून आलेली गाडी सकाळी पोचते. थकून याल. नाना तुम्हाला मिरवणुकीसाठी बीडला नेऊ बघतील, जाऊ नका. सरळ इकडं या. तुमच्यासाठी खालच्या खोलीत खाट टाकून ठेवली आहे, पंख्याखाली. आधी नात मांडीवर घ्या, मग झोपा. बोलायचं ते उठल्यावर बोलू, आणि नाही बोललो तरी चालेल.

तुमचा
गुरुलिंग